वेळेआधी संपलेला वर्षावास

आषाढ पौर्णिमा जवळ आली की आमच्या गल्लीतल्या विहाराच्या खिडक्यांना निळं प्लास्टिक लागतं. यंदाही लागलं. मी कॉलेजला निघाले होते. वर चढलेला मुलगा खिळा ठोकत होता आणि खाली उभे राहून कांबळे आबा त्याला सांगत होते, "डावीकडं ताण दे, डावीकडं!" आबांना आता प्लास्टिक दिसत नाही, फक्त त्याचा फडफडाट ऐकू येतो. माझ्या चपलांचा आवाजही त्यांनी ओळखला असावा. कारण मी मान खाली घालून पुढं सरकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "प्रज्ञा, यंदा वाचणार कोण?"

मी म्हटलं, "आबा, मला उशीर होतोय."

खरं तर उशीर होत नव्हता.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. जुन्या काळी भिक्खू या दिवसांत फिरणं थांबवून एका ठिकाणी राहायचे, त्या वर्षावासाची ही आठवण. आषाढ पौर्णिमेला तथागतांच्या चरित्राचा जाडजूड ग्रंथ उघडायचा आणि अश्विन पौर्णिमेला खीर वाटून मिटायचा. तुर्भ्याच्या या वस्तीत माझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललंय. मागे कारखान्यांच्या भिंती, पुढे रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांची ती एकसुरी पीं-पीं, हवेत रसायनाचा आंबूस वास, आणि त्यात उदबत्ती. मला वर्षावास म्हटलं की अजून हाच वास येतो. ओल्या छत्र्यांचा, उदबत्तीचा आणि कसल्याशा ॲसिडचा.

पूर्वी वाचन घरोघरी फिरायचं. आज जाधवांकडे, उद्या साळव्यांकडे. ज्या घरी पाळी असेल त्या घरातला पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा, पांढरी चादर अंथरायची, प्रतिमेला हार घालायचा. आबा मधे बसायचे, चष्मा नाकावर, बोट ओळीवर. आणि वाचायचे म्हणजे काय, चार ओळी वाचल्या की कुणीतरी म्हणायचंच, "थांबा आबा."

सिद्धार्थ घर सोडायला निघतात आणि यशोधरा त्यांना अडवत नाही, हा भाग आला की दरवर्षी गाडी तिथंच रुतायची.

"अडवलं नाय म्हणजे वाईट वाटलं नाय असं थोडीच हाय?" कांता मावशी विचारायची.

"तिला मोठं काम दिसत होतं," आबा सांगायचे.

"मोठं काम पुरुषाला लगेच दिसतं. आमच्या ह्यांना पण दिसलं होतं. दुबईला."

सगळ्या बायका हसायच्या. मग दुबई, मग कुणाच्या तरी भावाचा पासपोर्ट, मग चहा. श्रावण संपत यायचा आणि सिद्धार्थ अजून उंबऱ्यातच उभे असायचे. पौर्णिमा तोंडावर आली की आबांची धांदल उडायची. ते पानांचा मोठा गठ्ठा एकदम उलटायचे, शेवटची ओळ मोठ्यानं वाचायचे, सगळे तीनदा 'साधु' म्हणायचे, आणि खिरीचं पातेलं यायचं.

लहान असताना मी एकदा विचारलं होतं, "आबा, मधल्या पानांत काय आहे?"

"तू शिकून मोठी हो आणि वाच," ते म्हणाले. मला वाटतं त्यांनी ते गमतीत म्हटलं असावं. मी ते गमतीत घेतलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मला कुणी असं काही म्हटलं की ते माझ्या अंगावर कामासारखं पडायचं. दरवर्षी तो गठ्ठा न वाचताच उलटला जायचा. सगळे खीर खात असायचे आणि मला वाटायचं, आपण तथागतांना नीट निरोप दिलाच नाही.

आबांचे डोळे गेल्या वर्षी अधू झाले. ऑपरेशन झालं, पण अक्षर काही परत आलं नाही. त्यांनी मला बोलावलं. ग्रंथाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर होतं, पांढरी बाजू वर. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. "तू कॉलेजात जातीस. मॅनेजमेंट का काय शिकतीस. आता हे तुझ्याकडं."

आई दारात उभी होती. जुईनगरच्या दोन घरांतला स्वयंपाक उरकून तशीच आली होती, हाताला अजून लसणाचा वास.  तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पुसलं.

मी मनापासून केलं. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर लोक असं बोलले की जणू मी मिरवायला केलं. नेरूळच्या आमच्या कॉलेजात तेव्हा नेतृत्वाचं प्रकरण चालू होतं. उद्दिष्ट स्पष्ट ठेवा, कामाचे तुकडे करा, वेळ पाळा, विषयांतर टाळा. मला वाटलं, देवाशप्पथ म्हणायची सवय नाही आमच्यात, पण खरंच वाटलं, की हे सगळं आमच्या गल्लीसाठीच लिहिलंय. माझं उद्दिष्ट एवढंच होतं, की या वर्षी गल्लीनं संपूर्ण ग्रंथ ऐकायचा. एकही पान न उलटता.

म्हणून मी वाचन घरोघरी न्यायचं बंद केलं. पावसात पलंग हलवा, चादरी शोधा, कुणाकडे गळतंय, कुणाकडे जागा नाही. सगळं विहारात, ठरलेल्या वेळी. रोजची पानं आखून घेतली. प्रश्न असतील तर शेवटी. गल्लीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एक काका म्हणाले, "शिस्त पायजेच." मला फार बरं वाटलं.

पहिले काही दिवस विहार भरलेला होता. आई अगदी पुढे बसायची, ठेवणीतली साडी नेसून. मी न अडखळता वाचायचे. माझा आवाज चांगला आहे असं शाळेपासून सांगतात. मी ऐकणाऱ्यांकडे बघायचे नाही, कारण वर बघितलं की ओळ चुकते.

यशोधरेचं पान आलं. मागून आवाज आला, "थांब गं पोरी. तिनं नाय म्हटलं असतं तर?"

"मावशी, प्रश्न शेवटी," मी म्हटलं. हसूनच म्हटलं.

कांता मावशी पॅकिंगच्या कंपनीत जाते. शिफ्ट सुटली की तशीच यायची, केसांवर पुठ्ठ्याची धूळ. ती धूळ झटकायला लागली. वाचन संपल्यावर मी आठवणीनं विचारलं, "मावशी, काय विचारत होतीस?"

"गेलं ते," ती म्हणाली. "आता काय आठवत नाय."

त्याच आठवड्यात तिनं मला नळावर गाठलं. तिनं नुकत्याच घरात फरश्या बसवल्या होत्या. पांढऱ्या, मधे निळं फूल. त्या फरश्यांसाठी तिनं किती ओव्हरटाइम केला ते सगळ्या गल्लीला पाठ होतं.

"माझ्याकडं कधी ठेवतीस वाचन?"

"मावशी, यंदा सगळं विहारातच आहे ना."

"बरं," ती म्हणाली, आणि हंडा उचलला.

ते 'बरं' मला तेव्हा होकार वाटलं.

मग माणसं कमी व्हायला लागली. एकदम नाही, प्लास्टिकवरचं पाणी ओघळतं तशी. आज याच्या पोराला ताप, उद्या तिची शिफ्ट बदलली. मी ग्रुपवर रोज टाकायचे, 'आज ठीक सात वाजता.' अंगठे यायचे. माणसं यायची नाहीत. मला राग यायचा, अजून आठवला की येतो. ज्यांना दुबईवर तासभर बोलायला वेळ होता त्यांना ऐकायला वेळ नव्हता? मी आईवर ओरडले, "आपल्या लोकांना सुधारायचंच नाहीये!" कॉलेजात काही मुलं हेच वाक्य आमच्याबद्दल बोलतात. माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं आणि मी पातेल्यावर झाकण आदळलं. आई कांदा चिरत राहिली. म्हणाली, "लोकं दिवसभर ऐकूनच येतात गं. मुकादमाचं, मॅडमचं. संध्याकाळी त्यांना जरा बोलायचं असतं."

"मग ग्रंथ कधी वाचायचा?"

आईनं चिरलेला कांदा तेलात टाकला.  

भाद्रपद सरला नव्हता तेव्हाच शेवटची पानं आली. मी वेळापत्रकाच्या पुढं होते. विहारात आई होती, आबा होते, आणि पाऊस थांबायची वाट बघत आडोशाला आलेली एक बाई होती, जिला मी ओळखतही नव्हते. आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा तो भाग वाचला, ज्याच्यासाठी हे सगळं केलं होतं.

शेवटच्या प्रवासात तथागत चुंद नावाच्या लोहाराकडे जेवतात. ते अन्न बाधतं. दुखणं वाढत जातं. आणि तशा अवस्थेत त्यांना काळजी कशाची, तर चुंदाला कुणी बोल लावू नये याची. त्याला वाईट वाटू देऊ नका, असं ते सोबतच्या आनंद भिक्खूला सांगतात. पुढं लोक विचारतात, तुमच्यामागे आमचा प्रमुख कोण. ते कुणालाही नेमत नाहीत.

मी वाचत होते आणि माझा आवाज विहारात घुमत होता, रिकाम्या खोलीत घुमतो तसा. मला एकदम वाटलं, हे पान कांता मावशीनं ऐकायला हवं होतं. ती इथं नक्की म्हणाली असती, थांब. पाऊस थांबला. ती अनोळखी बाई हात जोडून निघून गेली. मी शेवटची ओळ वाचली, ग्रंथ मिटला.

आबा म्हणाले, "संपला?"

"संपला, आबा. पूर्ण. एकही पान सोडलं नाही."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "पण पौर्णिमा तर अजून लांब हाय."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. ते खरंच हिशेब लावत होते, की आता रोज संध्याकाळी करायचं काय. त्यानंतर रोज संध्याकाळी विहार उघडा असायचा, दिवा लागलेला, आणि आत कुणी नाही. कॉलेजातून येताना मी पलीकडच्या गल्लीनं घरी जायचे. अश्विन पौर्णिमेला खीर झाली, सगळी गल्ली आली. वाटी घेता घेता एकानं सहज विचारलं, "यंदा कुठवर आलं होतं वाचन?" मी म्हटलं, "संपलं." तो म्हणाला, "अरे वा," आणि चारोळी मागितली. कांता मावशी आली नाही. तिची वाटी घेऊन मी गेले, तर तिनं दारातच घेतली. मागे त्या पांढऱ्या फरश्या चमकत होत्या. त्यांवर अजून वाचनाची चादर अंथरली गेली नव्हती.

या महिन्यात कॉलेजात नेतृत्वाची कार्यशाळा झाली. सरांनी सगळ्यांना आपलं एक अपयश आणि त्यातून मिळालेले तीन धडे लिहायला सांगितले. धडे तीनच. बाहेरून एक पाहुणे आले होते. त्यांनी त्यांच्या बुडालेल्या पहिल्या धंद्याची गोष्ट सांगितली. छान सांगितली, सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मला ते बघताना वाटत होतं, की यांचं अपयश किती नीटनेटकं आहे. इस्त्री केलेलं. ज्याचा दुसरा धंदा चालला तोच पहिल्याची गोष्ट व्यासपीठावर सांगू शकतो. ज्याचा दुसराही चालला नाही तो कुठं असेल? त्याला कुणी माइक देत नाही.

मी कागद समोर घेऊन बसले. वर्षावासाचं लिहायचं तर आधी वर्षावास म्हणजे काय ते लिहावं लागेल. मग विहार, मग गल्ली, मग आम्ही कोण. शेजारची मुलगी माझ्या कागदात डोकावत होती. मी लिहिलं की मी एकदा वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरले. असं कधी झालंच नव्हतं. त्या खोट्या अपयशातून तीन धडे मात्र भराभर निघाले. सर म्हणाले, "व्हेरी गुड, प्रज्ञा. प्रामाणिक आहे."

घरी येताना मला इतका राग आला होता की स्टेशनवर वडापाव घेतला आणि न खाताच हातात धरून चालत राहिले.

खऱ्या अपयशाचे धडे मी काढून बघितलेत. लोकांचं ऐकावं, हा एक. पण लोकांचं ऐकत राहिलं तर शेवटची पानं येतच नाहीत, हेही मी इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलंय. शिस्त नको, असं मला आजही म्हणवत नाही. आणि शिस्तीनं वाचलं तर काय होतं, तेही बघितलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांशी भांडतं. या भांडणाला धडा म्हणतात का, मला ठाऊक नाही. पुस्तकात असं प्रकरण नव्हतं. तथागतांनी कुणाला नेमलं नाही आणि आबांनी मात्र मला नेमलं, याचाही मला मधूनच राग येतो. आणि यंदा मी नाही म्हटलं तर आमच्या गल्लीत ग्रंथ उघडणारच नाही, हे मला खिडकीला प्लास्टिक लागताना कळलं होतं. आबांना दिसत नाही. बाकी कुणी पुढं येत नाही. गेल्या वर्षी रिकामं झालेलं यंदा बंद पडेल आणि लोक म्हणतील, ती पोरगी वाचायला लागली आणि बंद पडलं.

यंदाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी कांता मावशीकडे गेले. ती भाकरी थापत होती.

"मावशी, यंदा पहिला दिवस तुझ्याकडं ठेवायचा का?"

तिनं वर पाहिलंच नाही. "का? विहार गळतोय का?"

 मला वाटलं होतं ती हो म्हणेल. उगाच वाटलं होतं. ट्रकाची पीं-पीं बराच वेळ चालली. मग तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "पायपुसणं नवीन आणावं लागंल."

बैठकीत मी सांगितलं, की यंदा शेवटून सुरू करायचं. दरवर्षी न वाचता उलटतो त्या पानांतल्या शेवटच्या प्रवासापासून.

एकच गलका झाला. "उलटा ग्रंथ? असं असतं का कुठं?" "म्हणजे आधी महापरिनिर्वाण आणि मग जन्म?" शिस्तवाले काका म्हणाले, "ह्या पोरीचं दरवर्षी नवीन टेन्शन."

"काका, तुमी शेवटचा भाग ऐकलाय का?" मी विचारलं.

"ऐकला असंल की."

"गेल्या वर्षी होतात?"

ते मिशीवरून हात फिरवत बसले. आबा भिंतीला टेकले होते. म्हणाले, "मी पण नाय वाचलेला." सगळे त्यांच्याकडे वळले. "खरंच. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मग डोळे गेले." ते किंचित हसले. "वाच पोरी. मला ऐकायचंय परत. गेल्या वर्षी तू लय पळत होतीस."

परवा पौर्णिमेला पहिलं वाचन झालं. कांता मावशीच्या घरात पलंग उभा केला होता, चादर होती, पण तिनं ती मुद्दाम अर्धीच अंथरली होती, निळी फुलं दिसतील अशी. गेल्या वर्षीच्या मानानं माणसं बऱ्यापैकी होती. भरलं होतं असं म्हणवत नाही. काका आले नाहीत. मी पहिल्यांदाच ओळीवर बोट ठेवून वाचलं, म्हणजे वर बघितलं तरी ओळ सापडेल.

चुंदाचं जेवण आलं. त्याला बोल लावू नका, हे आलं.

"थांब," मावशी म्हणाली.

मी थांबले.

"त्याच्याकडं नंतर कुणी जेवायला गेलं का?"

मी पुढची ओळ बघितली. पान उलटून बघितलं. "ते लिहिलेलं नाही, मावशी."

"गेले असतील," आबा म्हणाले. "सांगितलं होतं ना, बोल लावू नका म्हणून."

"सांगितलं म्हणून लोकं जातात होय? तोंडानं काय बोलत नाय कोण. बरं म्हणतात आणि येत नाय."

"एखादा तरी गेला असंल," आई म्हणाली. ती कधी बोलत नाही वाचनात.

"गेला असंल तर चुंदानं काय वाढलं असंल?" कुणीतरी विचारलं, आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.  आधी सतरांदा चाखून बघितलं असंल. एक म्हणाली, माझ्या जावेच्या हातची आमटी एकदा बाधली होती, तर सासऱ्यानं दुसऱ्या दिवशी तिच्याकडंच मागून खाल्ली. दुसरी म्हणाली, सासरा तो तसला एकच. ट्रक मागे येत होता, कुकरची शिट्टी झाली, कुणाचं तरी पोर फरशीवरच्या निळ्या फुलावर गाडी फिरवत होतं.

मी घड्याळ बघितलं. एक पान झालं नव्हतं. जो शेवट ऐकवायला मी सगळी गल्ली उलटी केली, तो अगदी थोड्याच पानांवर होता, आणि आम्ही चुंदाच्या दारात अडकून पडलो होतो. मला पुन्हा तीच चीड आली, गेल्या वर्षीचीच, जशीच्या तशी. मी म्हणाले, "मावशी, पुढं वाचू का? थोडंच राहिलंय."

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या पण हितंच बसा. चहा टाकते."

मी पान दुमडलं. कोपरा जरा जास्तच जोरात दाबला गेला.